फिजिओचा गुण एकाला येतो, दुसऱ्याला का नाही?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नाशिकला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. कंबर, मान, गुडघे, खांदे हाच मुख्य कारभार. इथले बरेच जण कधी ना कधी कुठल्या तरी फिजिओच्या टेबलावर पालथे झोपलेले असणार, म्हणून विषय इथेच मांडते.

नवीन पेशंट आला की एमआरआयचं ते भलंमोठं पाकीट मी जरा बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, "तुमच्या मते काय झालंय?" लोक गोंधळतात. "ते तुम्ही सांगायचं ना मॅडम!" मग हळूहळू एकेक बाहेर येतं. मणक्यात गॅप आलाय. गादी सरकलीय. नस दबलीय. गुडघ्यातलं वंगण संपलं. सिझेरियनच्या वेळी कंबरेत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासूनच. आमच्या घराण्यातच वात आहे.

हे उत्तर ऐकलं की पुढचे दोन महिने कसे जाणार याचा मला बराच अंदाज येतो. रिपोर्ट बघून येतो त्यापेक्षा जास्त.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून दोन पेशंट सांगते. दोघंही पन्नाशीच्या आगेमागे, दोघांच्या रिपोर्टमध्ये एल फोर-एल फाइव्हला बल्ज, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती जरा फुगलेली. एकाची भाजीची गाडी. त्यांचं म्हणणं, "शीर आखडलीय, कामाने मोकळी होईल." दुसरे ऑफिसात बसणारे. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, "वाकलात तर पाय जातील." तेव्हापासून मोजे बायको घालून देते आणि झोपतानाही पट्टा सुटत नाही. व्यायाम दोघांना जवळपास सारखेच दिले. भाजीवाले दुखत असतानाही करत राहिले आणि काही आठवड्यांत गाडीवर परतले. दुसरे प्रत्येक वेळी "दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं" असं धरून दोन दिवस आडवे.

२०१५ साली अमेरिकेतल्या एका रेडिओलॉजी नियतकालिकात ३३ अभ्यास एकत्र करून आलेला आढावा आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांची स्कॅनिंग. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६०. एकालाही दुखत नव्हतं, हे लक्षात घ्या. म्हणजे "गॅप" सापडला एवढ्यावरून तोच दुखतोय असं ठरत नाही.

मग त्या ऑफिसवाल्या दुसऱ्या पेशंटसारख्यांचं काय होतं? व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली याचं चक्र मांडलं. दुखतं, त्याचा अर्थ "इजा होतेय" असा लावला जातो, भीतीने हालचाल टाळली जाते, स्नायू ढिले पडतात, झोप बिघडते, माणूस घरात कोंडला जातो आणि त्याने आणखी दुखतं. ही भीती मोजायला टॅम्पा नावाची प्रश्नावली आहे. १७ विधानं, गुण १७ ते ६८.

तुम्हाला किंवा घरच्यांना दुखण्याबद्दल कुणी काय सांगितलं होतं? आणि त्याचा उपचारावर काय परिणाम झाला?

पारंबी

ताई, आमची आई! ठाण्यात एका डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, "वंगण संपलंय, हाडावर हाड घासतंय." झालं. आता तिच्या डोक्यात गुडघे म्हणजे मोजकाच शिल्लक साठा. घरी फिजिओ येतात, त्यांच्यासमोर सगळा व्यायाम नीट करते. ते गेले की दिवसभर खुर्चीत. का तर "आजचे गुडघे वापरून झाले. ऑपरेशनपर्यंत पुरवायचेत." जिना बंद, देवळात जाणं बंद, खाली बसून पोथी बंद. आणि वर तक्रार की फिजिओचा काही गुण येत नाही.

गोदाकाठ

"आजचे गुडघे वापरून झाले" 😀 हे मी विद्यार्थ्यांना सांगणार.

गंमत बाजूला ठेवून सांगते. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला सांध्यावर भार येणं-जाणं लागतं. म्हणजे आई जे जपून ठेवतेय ते जपून ठेवल्याने वाढत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे-खुब्याच्या संधिवातासाठी ग्लाड नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात आधी समजावण्याची सत्रं आणि मग आठवड्याला दोन अशी बारा व्यायामसत्रं. तिथे पहिल्याच दिवशी सांगतात, व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मूळ पातळीवर उतरायला हवं. हा एक नियम आईला सांगून बघा. दुखणं आणि बिघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून आपोआप कळतं.

तर्कट

थोडक्यात काय, दुखणं मनाचं असतं, पेशंट घाबरट असतात आणि गुण आला नाही तर चूक त्यांचीच. छान आहे. माझ्या आतेभावाला सहा महिने हेच ऐकवलं. "टेन्शन घेऊ नका, चालत राहा." वजन उतरत होतं, संध्याकाळी बारीक ताप यायचा. शेवटी मणक्याचा टीबी निघाला. त्याची "समजूत" काय होती माहितेय? की काहीतरी गंभीर आहे. आणि ती बरोबर होती.

गोदाकाठ

तर्कट, तुमचा राग रास्त आहे आणि उदाहरण तर आपल्याकडे प्रत्येक फिजिओने भिंतीवर लावावं असं आहे. समजुतीचा प्रश्न नंतरचा. आधी धोक्याच्या खुणा तपासायच्या. ताप, वजन उतरणं, कॅन्सर किंवा टीबीचा इतिहास, स्टिरॉइडचा दीर्घ वापर, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, पायातली ताकद कमी कमी होत जाणं. आणि लघवी-संडासच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडणं-सुटणं असेल तर फिजिओकडे नाही, त्याच दिवशी इस्पितळात. यातलं काही असेल आणि कुणी "मनाचं आहे" म्हणालं तर त्या माणसाकडून उठून या.

पण "मनाचं" हे मी म्हटलेलंच नाही. दुखणं खरंच असतं, नेहमी. ते किती दुखावं हे मेंदू ठरवतो आणि ठरवताना तो फक्त नसेतून आलेला संदेश बघत नाही, त्याचा अर्थही बघतो. मोझली आणि आर्न्ट्झ यांचा २००७ चा प्रयोग आहे. हाताच्या पाठीवर उणे २० अंशांची धातूची कांडी क्षणभर टेकवायची आणि त्याच वेळी लाल किंवा निळा दिवा लावायचा. कांडी तीच, थंडी तीच. लाल दिवा असताना लोकांना ती जास्त दुखली, आणि काहींना चक्क गरम वाटली. ही माणसं घाबरट नव्हती. लाल म्हणजे गरम, गरम म्हणजे इजा, एवढंच मेंदूने जोडलं. आता तो दिवा वर्षभर पेटलेला आहे अशी कल्पना करा. तो पेटवणारे बहुतेक वेळा पांढऱ्या कोटातलेच असतात, हे मात्र स्पष्ट बोलायला हवं.

हाडवैद्य

पांढरा कोट हजर आहे. आयडी हाडवैद्य असला तरी रीतसर एमएस ऑर्थो.

गोदाकाठ यांचं पटतं, पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या ओपीडीत सकाळी साठ-सत्तर पेशंट. "तुमच्या चकतीत वयानुरूप बदल आहेत, ते बहुधा दुखण्याचं कारण नसावेत" असं म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे काही सापडलंच नाही?" आणि पुढच्या गल्लीत जातो. तिथे त्याला "गॅप" मिळतो. गॅप मिळाला की माणूस समाधानाने घरी जातो. त्याला दुखण्याचं नाव हवं असतं, आणि घरच्यांना, साहेबांना दाखवायला कागद. स्कॅन नको म्हटलं तर "डॉक्टर टाळतात".

मी पेशंटला सांगतो की डोक्यावर पांढरे केस आलेत तसे हे मणक्याचे. निम्म्यांना पटतं. उरलेले निम्मे विचारतात, त्याला कलप कुठला?

आणखी एक. खरीखुरी चकती बाहेर आलेली असते तेव्हाही लोकांना वाटतं की आता ती आयुष्यभर तशीच. २०१५ च्या एका आढाव्यात उलटंच दिसतं. पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आपोआप आक्रसले किंवा विरले, मोठे बाहेर आलेले भाग ७० टक्के, आणि साध्या बल्जमध्ये मात्र १३ टक्केच. रिपोर्ट जितका भयंकर दिसतो तितकं शरीर ते साफ करायला जास्त धावतं. हे एक वाक्य ऐकून पेशंटचा चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिलाय.

मेलबर्नकर

इथे व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ मध्ये टीव्हीवर कंबरदुखीच्या जाहिरातींचा धडाका होता. आशय एवढाच की कंबर दुखली म्हणून आडवे पडू नका, हिंडते-फिरते राहा, कामावर जा. डॉक्टर आणि खेळाडू येऊन हेच सांगायचे. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मोहीम नव्हती, त्यामुळे संशोधकांना तुलना आयती मिळाली. रेचेल बुकबाइंडर यांच्या गटाने २००१ मध्ये छापलं की व्हिक्टोरियात सामान्य लोकांच्याही आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, आणि कामगार विम्याचे कंबरदुखीचे दावे १५ टक्क्यांहून जास्त घटले. म्हणजे समजूत एकेका टेबलावरच बदलावी लागते असं नाही. आपल्याकडे कंबरेच्या जाहिराती कशाच्या असतात? मलम, तेल आणि पट्टा. प्रत्येकात पाठीवर लाल ठिणग्या!

फडकरी

कोल्हापूरकडचा आहे. आमच्याकडे उसण भरली की अजून पायाळू माणूस शोधतात. पायाकडून जन्मलेल्याने कंबरेला हलकी लाथ मारली की उसण उतरते. आमच्या गल्लीतल्या पायाळू काकू वारल्या तेव्हा लोक खरंच हळहळले, आता उसण कुणाकडून काढायची म्हणून. हसू नका, माणसं लाथ खाऊन सरळ चालत जाताना मी बघितलीत.

पण मुद्दा वेगळा. ऊसतोड मजूर बाईला कुणी "वाकू नका" म्हणालं काय आणि न म्हणालं काय. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचंच आहे. तिची समजूत तपासून काय मिळणार? तिला सुट्टी, बरं अंथरूण आणि पोटभर जेवण मिळालं तर बरं वाटेल. हा सगळा "भीती-टाळाटाळ" प्रकार खुर्चीवरच्या लोकांचा वाटतो मला.

गोदाकाठ

फडकरी, पहिलं आधी. उसण बहुतेक वेळा तशीही काही दिवसांत उतरते, आणि "आता जाणार" ही खात्री घेऊन माणूस उठून चालायला लागतो, हा त्यातला खरा औषधी भाग. लाथ निमित्त.

दुसऱ्या मुद्द्याला अनुमोदन. भार, झोप, पगार हे समजुतीच्या आड लपवता येत नाहीत. अंगमेहनतीच्या पेशंटला मी भीतीबद्दल कमी आणि कामाच्या आखणीबद्दल जास्त बोलते. कुठली बाजू बदलून उचलता येईल, मध्ये बसता कधी येईल. मात्र या बायकांचीही समजूत असतेच. "आता हे असंच राहणार, बायकांचं नशीब" ही. ती भीतीइतकीच आड येते, कारण मग कशाचाच प्रयत्न होत नाही.

लीड्सची_लेक

मी इथे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये फिजिओ आहे. आमच्याकडे खांदेदुखीच्या १०३० पेशंटांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला. फिजिओने कुणाला गुण येईल हे आधी ओळखता येतं का, असा प्रश्न होता. खांद्याच्या चाचण्या, कुठला स्नायू फाटलाय वगैरे गोष्टींचा अंदाजाला फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. "फिजिओने मला बरं वाटेल" ही अपेक्षा, आणि "दुखत असलं तरी मी माझी कामं करू शकतो" हा भरवसा. जास्त दुखणारे पण भरवसा असलेले लोक, कमी दुखणाऱ्या पण भरवसा नसलेल्यांच्या बरोबरीने किंवा त्याहून बरे निघाले.

तर्कट

मग सरळ आहे ना. पेशंटला मशीनवर विश्वास असेल तर मशीन लावा. पायाळूवर असेल तर लाथ मारा. विश्वासच औषध असेल तर खरं-खोटं कशाला बघायचं?

गोदाकाठ

हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि फिजिओंमध्येही यावर दोन तट आहेत.

माझ्याकडे येणारे निम्मे लोक "लाईट घ्यायला" येतात. लाईट म्हणजे करंट, अल्ट्रासाउंड, शेक, जे काही वायर असलेलं असेल ते. कंबरेच्या ट्रॅक्शनबद्दल, म्हणजे वजन लावून कंबर ताणण्याबद्दल, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१३ चा आढावा सरळ म्हणतो की त्याचा फरक नगण्य. तरी लोक "वजन लावा" म्हणतात. मी पहिल्या दोन-तीन वेळा शेक देते. स्नायू सैलावतो, माणूस बोलायला लागतो. मात्र "मशीनने बरं केलं" ही समजूत पक्की झाली की पुढच्या वेळी दुखलं तर तो मशीनकडेच येणार. लीड्सच्या ताईंनी सांगितलेला भरवसा स्वतःच्या शरीरावरचा आहे, माझ्या वायरींवरचा नाही. पैशांची बाजूही सांगून टाकते. क्लिनिकमध्ये मशीनचा दर असतो, बोलण्याचा नसतो. त्यामुळे जे बंद करायला हवं तेच सगळ्यात सुखाने चालू राहतं.

आणि समजूत भाषणाने बदलत नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात ताज्या कंबरदुखीच्या २०२ पेशंटांना तासाभराची दोन सत्रं दुखण्याचं विज्ञान समजावलं, दुसऱ्या गटाचं नुसतं ऐकून घेतलं. दुखण्यात फरक पडला नाही. बदलते ती अनुभवाने.

ते मोज्यांवाले गृहस्थ आठवा. उभं राहून वाकायला सांगितलं की श्वास कोंडायचे, दोन्ही हात मांड्यांवर, ओठ आवळलेले. मी आग्रह सोडला. स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, बुटाची नाडी सुटलीय, बांधा. त्यांनी बोलता बोलता बांधली. मग मोबाइलवर बाजूने घेतलेला फोटो दाखवला. पाठीची छान कमान झालेली. "उभं राहून जेवढं वाकायला घाबरता त्यापेक्षा हे जास्त आहे. पाय गेले का?" बराच वेळ फोटो बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "परत बांधू?" त्या दिवशी एवढंच केलं. पुढच्या वेळी उंच स्टूल, मग टेबलाला टेकून, मग जमिनीवरची पिशवी. श्वास सोडत, पट्टा न लावता. सहज झालं नाही, मध्ये एकदा जोरात दुखून आले तेव्हा सगळं मुळापासून पुन्हा बोलावं लागलं.

अशा पद्धतीची मोठी चाचणीही झालीय. पर्थ आणि सिडनीत ४९२ जुनाट कंबरदुखीवाले, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि नंतर एक उजळणी. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा दैनंदिन हालचालींतला फरक चांगला मोठा होता आणि वर्षभरानंतरही टिकला होता.

हाडवैद्य

समजूत कागदाने बदलत नाही याला माझ्याकडूनही पुरावा. अमेरिकेत सुमारे अडीच लाख पेशंटांच्या कंबरेच्या रिपोर्टवर "न दुखणाऱ्या लोकांतही असे बदल इतके टक्के आढळतात" अशी ओळ छापून बघितली. २०२० मध्ये निकाल आला. पुढच्या तपासण्या-उपचारांत एकंदर काही घट नाही, तीव्र वेदनाशामकं किंचित कमी लिहिली गेली एवढंच. मी स्वतः अशी ओळ छापावी या मताचा होतो आणि अजूनही आहे, फुकट तर पडते. पण त्यावर विसंबून राहू नये.

पारंबी

मग घराजवळचा फिजिओ निवडताना बघायचं काय?

गोदाकाठ

पहिल्या भेटीत त्याने तुमच्या आईला किती वेळ बोलू दिलं ते बघा. "दुखलं तर काय करायचं?" असं विचारा. "लगेच थांबा" एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारायला हवं. "कमी करा, पण सोडू नका" असं काही आलं तर माणूस बरा. आईला नक्की काय परत हवंय हे त्याने विचारलं पाहिजे. गुडघा किती अंश वाकतो यात त्यांना रस नसेल, पोथीला खाली बसण्यात असेल. मग तेच ध्येय. आधी उंच खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, मग बुटकं स्टूल, मग पाटावर उशी. आणि आठवड्याच्या पॅकेजचे पैसे आधी मागितले तर जरा थांबा.

फडकरी

पॅकेज नको, पायाळू परवडला. चहा पिऊन जायचा.

पारंबी

आईला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "त्या नाशिकच्या बाईंना विचार, उठता-बसता माझे गुडघे कटकट वाजतात त्याचं काय? वंगण असतं तर वाजले असते का?"

गोदाकाठ

त्यांना म्हणावं माझेही वाजतात, आणि मी रोज दोन मजले चढते. नुसता आवाज असेल, त्यासोबत सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर त्याने सांधा बिघडत नाही आणि आवाजावरून वंगण मोजताही येत नाही. सूज असेल तर मात्र तसं कळवा, मग वेगळं बोलू.